नकल्याची साक्ष

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरातून गिरणीचा आवाज यायचा, पीठ मात्र कधी कुणाला दिसलं नाही. दारावरून जाणारा प्रत्येक जण कान टवकारायचा आणि जिना उतरेपर्यंत आपला अंदाज कुणाच्या तरी कानात ओतून मोकळा व्हायचा. कुणी म्हणे, आत नोटा छापतात. कुणी म्हणे, म्हाताऱ्याच्या दम्यासाठी कसलंसं यंत्र लावलंय. तळमजल्यावरच्या मावशींनी तर शपथेवर सांगितलं होतं, की गेलेला मुलगाच आत बसून टाइप करत असतो. मावशींचा टीव्ही इतका मोठ्याने चालतो, की त्यांना स्वतःच्या दाराची बेल ऐकू येत नाही. मेलेल्या माणसाची बोटं मात्र तीन मजल्यांवरून ऐकू येतात.

गंमत अशी, की मावशी फारशा चुकल्या नव्हत्या.

त्या घरात दोनच माणसं राहायची. एक सासरे, डोळ्यांनी अधू. तारुण्यात सिनेमाच्या थिएटरात पडद्यावर सिनेमा दाखवायचं काम केलेले, म्हणून अजूनही कुणी मध्येच उठलं की "बसा हो, मागच्यांना दिसत नाही" म्हणायची सवय. दुसरी त्यांची सून. तिला सगळी बिल्डिंग कवळीवाली म्हणायची. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. शहरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या हातचं. बोलायला कमी, पण समोर आलेल्या माणसाचे आधी दात बघायची आणि मग डोळे. त्यामुळे वाकडे दात असलेली मंडळी तिच्याशी जिन्यात बोलताना तोंडावर हात धरून बोलत, जणू काही गुपित सांगताहेत.

तिचा नवरा एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर दुरुस्त करायचा. लग्न होऊन आठवडा झाला असेल-नसेल, तो टेम्पोतून एक धूड घेऊन आला. चौघांनी मिळून ते जिन्यावरून चढवलं. नव्या सुनेला फ्रीज आणला म्हणून दारादारांतून बायका डोकावल्या. निघाला कॉम्प्युटर! तोही कचेरीने भंगारात काढलेला.

"हे कशाला?" नवी नवरी म्हणाली.

"हा वेगळ्या घराण्यातला आहे," नवरा म्हणाला. एखाद्या स्थळाबद्दल सांगावं तशा थाटात.

वेगळं घराणं म्हणजे काय, ते तिला पुढे हळूहळू कळलं. जगातले बहुतेक कॉम्प्युटर प्रोसेसरच्या एक-दोन घराण्यांवरच चालतात. हा त्यातल्या कुठल्याच घराण्यात बसणारा नव्हता. एके काळी मोठा मान होता त्याला. मग बनवणाऱ्या कंपनीने हात झटकले आणि घराणं निर्वंश व्हायला लागलं. पण जगभर पसरलेली काही माणसं असतात, अतिशय हुशार आणि तितकीच रिकामटेकडी. त्यांनी मिळून एक ऑपरेटिंग सिस्टीम चालवली होती. तिचा सगळा प्रोग्राम कुणालाही उघडून वाचता यावा, बदलता यावा, वाटता यावा, असा. फुकट. अट एकच. सिस्टीम प्रत्येक घराण्यासाठी वेगळी बांधावी लागे आणि दर नव्या आवृत्तीच्या आधी हजेरी व्हायची. कमीत कमी दोन माणसांनी लिहून पाठवायचं, की या घराण्याच्या आमच्या खऱ्या मशीनवर ही आवृत्ती सुरू झाली आणि नीट चालली. दोन माणसं नाही मिळाली, की ते घराणं यादीतून बाद.

खऱ्या मशीनवर, हे महत्त्वाचं. कारण नकला करणारे प्रोग्रामही असतात. साध्या कॉम्प्युटरवर असला प्रोग्राम चालवला, की तो दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरचं सोंग घेतो. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला पत्ताच लागत नाही, की आपण सोंगाच्या पोटात आहोत. नवऱ्याने त्याचं नाव नकल्या ठेवलं होतं.

"नकल्या कामाचा आहे," तो सांगायचा, "पण नकल्याची साक्ष धरायची नाही. तो माफ करतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्यासारखा नाही."

तिने ओला टॉवेल फेकून मारला होता. तो मशीनवर पडू नये म्हणून त्याने तो तोंडावर झेलला.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. दिवसभर ती लॅबमध्ये मेणाचे दात कोरायची, संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून तो सांगेल ते टाइप करायची. मूल झालं नाही. गिरणी चालू राहिली. त्या घराण्याची हजेरी देणारे जगात दोनच उरले, एक हा आणि दुसरा लांबच्या शहरातला एक सायकलवाला. सायकलींचं दुकान, वरच्या खोलीत तसलंच मशीन. एका वर्तमानपत्राच्या लिलावात त्याला मिळालेलं. दोघं प्रत्यक्षात एकदाही भेटले नव्हते, पण एकमेकांच्या मशीनवर लांबून लॉगिन करून काम करायचे. फोनवर तो तिला वहिनी म्हणायचा आणि ती त्याला भावजी.

मग नवरा आजारी पडला आणि बघता बघता गेला.

तेराव्या दिवशी पाहुणे पांगले तेव्हा सासरे मशीनच्या खोलीत जाऊन बसले. उबेला बसावं तसे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग दुपारी तिथे बसून ते बोलायला लागले.

"काय रे, जेवलास का? आज भेंडी होती. सूनबाई मीठ विसरली, मी बोललो नाही काही."

दाराआडून सूनबाईने हे ऐकलं. मीठ विसरल्याचं तिला तेव्हा कळलं.

खरी भानगड पुढची. काही महिन्यांनी एका दुपारी सासऱ्यांना डॉक्टरकडे सोडून ती परत आली, दार उघडलं, तर घरात जळका वास आणि जीवघेणी शांतता. तेरा वर्षांत त्या घरात पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मशीन मेलं होतं. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याने लगेच येऊन उघडून पाहिलं आणि डोकं खाजवलं. "बाई, याचे भाग आता संग्रहालयात मागा," म्हणाला.

डिस्कची नक्कल नवऱ्याने करून ठेवली होती. सासरे रिक्षाने दोन-तीन तासांत येतील. आले, की त्या खोलीत जातील. आणि मग?

तिने विचार केला नाही; तिचे हात करत गेले. घरात एक छोटा, साधा कॉम्प्युटर होता, पुस्तकाएवढा. तो तिने त्या धुडाच्या पोटात ठेवला. त्यावर नकल्या चढवला आणि नकल्याला नवऱ्याच्या डिस्कची नक्कल दिली. आवाजाचं काय? लॅबमध्ये दात घासताना उडणारी धूळ ओढून घेणारं एक यंत्र मोडीत निघालं होतं, त्याचा पंखा तिने सहज घरी आणून ठेवला होता. तो आत बसवला, चालू केला. आवाज फार सुरेख आला, एकसारखा, आणि तेच चुकीचं होतं. गिरणीला घरघर हवी. तिने डब्यातून मेण काढलं, बोटांत मळून मऊ केलं आणि एका पात्याला मुगाच्या दाण्याएवढं चिकटवलं. पंखा कण्हला, अडखळला आणि अगदी हुबेहूब घरघरला.

तिच्या अंगावर काटा आला. आपलंच काम पाहून घाबरणारी ती पहिलीच कारागीर असेल.

सासरे आले, काठी टेकली, खुर्चीत बसले. "बाहेर फार ऊन आहे रे," म्हणाले.

झालं. त्या दिवसापासून त्या घरात रिकाम्या खोक्यात पंखा फिरत होता, खोक्यात पुस्तकाएवढा कॉम्प्युटर होता, कॉम्प्युटरमध्ये नकल्या होता आणि नकल्याच्या पोटात एक मेलेलं मशीन होतं. त्याला आपण मेल्याचं ठाऊक नव्हतं. त्या मशीनच्या पोटात नवऱ्याने लिहून ठेवलेल्या सगळ्या बारीकसारीक गोष्टी पूर्वीसारख्याच चालू होत्या. ती लॉगिन करायची तेव्हा पडद्यावर उमटायचं, "आलीस?" सकाळी सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळेला मशीन टुणटुण वाजायचं. तेही त्यानेच बसवलेलं.

फक्त एक व्हायचं. नकल्याचं घड्याळ मागे पडायचं. रोज थोडं थोडं. सोंग घेताना दमछाक होते, त्यात काही क्षण गळतात, तसलं काहीतरी. सुरुवातीला ती दर दोन-चार दिवसांनी काटा सरळ करायची. मग एकदा विसरली. मग विसरली नाही, पण केलं नाही. बाहेर बुधवार उजाडला तरी आत मंगळवारच असायचा. तिला माहीत होतं, की हे घड्याळ नुसतं रेंगाळतंय, उलटं चालत नाही. कितीही रेंगाळलं तरी तो असतानाच्या दिवसांपर्यंत पोचणार नाही. हिशेब तिला येत होता. तरी ती काटा सरळ करत नव्हती.

सकाळच्या गोळ्यांची टुणटुण उन्हं चढल्यावर व्हायला लागली, मग दुपारी. गोळ्या ती स्वतः वेळेवर देऊन कामावर जायची. पण ती घरी असली, की सासरे टुणटुण ऐकून हसायचे आणि म्हणायचे, "हल्ली उशिरा उठतो गं तो."

"कोण, बाबा?"

"कोण म्हणजे?" असं म्हणून ते काठी चाचपत खोलीकडे निघायचे.

हजेरीची वेळ आली तेव्हा तिने पहिल्यांदा खोटं लिहिलं. "सुरू झालं. नीट चाललं. खरं मशीन." कुणाचं काय नुकसान होणार होतं? सायकलवाल्याचंही चाललंच होतं. दोन झाले. घराणं यादीत राहिलं आणि त्या घराण्यापुढे, ते सांभाळणाऱ्यांत, नवऱ्याचं नावही राहिलं. तो गेल्याची खूण म्हणून त्याभोवती कुणी काळी चौकट काढली नव्हती. ती अधूनमधून ते नाव बघून यायची. नातेवाइकांच्या घरी फोटोला हार घालतात, हिच्याकडे हे होतं.

मग या वर्षीची आवृत्ती आली. तिने ती नकल्यावर चढवली. विनातक्रार सुरू झाली. नेहमीचं वाक्य लिहून पाठवलं. त्याच आठवड्यात सायकलवाल्याचा फोन आला.

"वहिनी, तुमचं सुरू झालं?"

"झालं की."

"नीट? मध्ये अडकलं नाही कुठे?"

"नाही. का हो?"

पलीकडे कुणीतरी सायकलची घंटी वाजवून पाहत होतं. "अहो, घंटी नंतर वाजवा," तो गिऱ्हाइकावर खेकसला आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मग माझ्याच म्हातारीचं काही खरं नाही." तो मशीनला म्हातारी म्हणायचा, बायको असती तर तिला म्हणाला असता, पण लवकर गेली बिचारी. "दर वेळी एकाच जागी दगड होते. मेमरी बदलून पाहिली. केबल बदलली. फुंकर मारली, शिव्या दिल्या. तीच जागा, तोच दगड."

"जुन्या आवृत्तीवर?"

"जुन्यावर चालते. पण जुनी कमी मेमरी खाते ना. नवी जरा पसरली, की आत कुठेतरी कुजलेल्या जागी पाय पडतो, असं दिसतंय. तुमच्याकडे चालते म्हणजे प्रोग्राममध्ये दोष नाही, दोष लोखंडात. संपली म्हातारी."

तिने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून "अरेरे" आलं.

"मुलगी मागेच लागलीये, दुकान बंद करून माझ्याकडे राहायला या म्हणून. म्हणते, चालणारी वस्तू आणा, न चालणारी नको. बरोबर आहे तिचं. शनिवारी भंगारवाल्याला बोलावलंय." पलीकडे पुन्हा घंटी वाजली. "वहिनी, तुमचं एकच राहील आता. हजेरीला माझी गेल्या वेळची साक्ष आणखी एका आवृत्तीपुरती धरतात, तेवढ्यात दुसरा कुणी गाठू. जपा बरं. जगात त्या घराण्याची ही सिस्टीम चालवणारं शेवटचं मशीन."

फोन ठेवल्यावर ती मशीनच्या खोलीत गेली. सासरे खुर्चीत डुलकी घेत होते. पंखा घरघरत होता. जगातलं शेवटचं मशीन! पात्यावरचं मेण उकाड्याने जरा ओघळलं होतं. तिने सवयीने बोटाने दाबून सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये एक कवळी परत आली. तिच्या हातची. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत: बाईंना बोचते, जेवता येत नाही. लॅबमध्ये धातूचा एक खोटा जबडा असतो. माणसाच्या तोंडाच्या मापाचे साचे त्यावर बसवायचे आणि उघडमीट करून कवळी जुळते का, ते पाहायचं. तिने कवळी त्यावर चढवली. अशी चपखल बसली, की बघत राहावं.

मालक खांद्यावरून डोकावले. "बसतेय की, ताई! मग? कवळीत काही दोष नाही. कळवा डॉक्टरांना, बाईंच्या तोंडातच काहीतरी असणार. हिरड्या झिजल्या असतील. वय झालं, की तोंड जातं."

"मालक," ती म्हणाली, "हा जबडा 'आई गं' म्हणेल का कधी?"

"काय?"

"याला बोचलं तर हा ओरडेल का?"

मालकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "बरं वाटत नाहीये का? जरा पाणी प्या."

ती पाणी प्यायली नाही. कवळी हातात घेऊन ती बसून राहिली. तिकडे कुठल्याशा घरात एक म्हातारी दोन दिवस पातळ खिमट खाऊन बसली असेल आणि इथे धातूचा जबडा साक्ष देत होता, की हिचंच तोंड खोटं. तिने बोटाच्या टोकाने कवळीची आतली कड चाचपली. होता, एक कंगोरा होता. साच्यावरून कळायचा नाही, मऊ मांसाला कळेल असा. घासायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली. नवऱ्याचा आवाज कानात नव्हता, तसलं काही नाही; पण तो जे म्हणाला होता ते पुन्हा पुन्हा आठवत होतं. नकल्या माफ करतो. त्या घराण्याच्या प्रोसेसरचा एक हट्ट असे. आकडा वाचायचा तर तो ठरल्या खणात, कोपऱ्यापासून मांडलेला हवा. अर्धा या खणात आणि अर्धा शेजारच्या, असा तिरका ठेवला, की हा जागच्या जागी थांबणार. पुढे जाणार म्हणून नाही. नकल्याला तो हट्ट नव्हता. तो म्हणे, असू दे, दोन्ही खणांतून उचलतो. म्हणजे नव्या आवृत्तीत कुणीतरी कुठेतरी आकडा तिरका ठेवला होता. खरं मशीन ओरडत होतं. आणि तिच्या घरातलं भूत शपथेवर सांगत होतं, की ओरडणारीच वेडी आहे.

एका मेलेल्या मशीनने एका जिवंत मशीनला मारायला काढलं होतं आणि मध्ये हिची सही होती.

आता सांगायचं म्हणजे काय, याचा ती रात्रभर नाही, पण स्वयंपाक होईपर्यंत विचार करत होती. सांगितलं, की खरं मशीन जगात एकच उरतं. एकावर हजेरी होत नाही. घराणं बाद, आणि त्याबरोबर नवऱ्याचं नावही. शिवाय पलीकडच्या खोलीत खुर्चीत बसलेला म्हातारा. त्याला काय सांगायचं? की तुमचा मुलगा दुसऱ्यांदा गेला, आणि मी तुम्हाला कळू दिलं नाही?

न सांगितलं तर मात्र काहीच होणार नव्हतं. शनिवारी भंगारवाला येणार, म्हातारीचे तुकडे होणार आणि हिच्या घरात पंखा फिरत राहणार. कुणाला कधी कळणार नाही. हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

उद्या सांगू, असं म्हणत शुक्रवार आला. शुक्रवारी दुपारी तिने लॅबमधून सुट्टी घेतली, मशीनच्या खोलीत आली, कारण घरात रेंज तिथेच बरी मिळायची, आणि फोन लावला. सासरे खुर्चीत होते. तिने ठरवलं होतं, की आधी इकडचं तिकडचं बोलू, मग फोन घेऊन जिन्यात जाऊ, मग विषय काढू.

फोन मुलीने उचलला.

"बाबा खाली आहेत, काकू. भंगारवाला आजच आलाय. उद्या त्याच्या घरी काहीतरी आहे म्हणे. मशीन उतरवतायत."

"उतरवतायत?"

"अर्ध्या जिन्यात आहेत. कोपरा अडकलाय. बाबा शिव्या देतायत, ऐकू येतंय का? फोन थोड्या वेळाने करायला सांगू का?"

जिन्यात जायला वेळ नव्हता. शब्द निवडायलाही नव्हता.

"थांबवा त्यांना!"

"अं?"

"थांबवा म्हणते ना! भावजींना सांग, म्हातारी चांगली आहे. दोष प्रोग्राममध्ये आहे. सांग, वहिनींच्या साक्षीवर जाऊ नका. सांग, वहिनींचं मशीन मेलंय. वर्ष होत आलं. मेलंय म्हणावं, ओरडून सांग!"

पोरगी आज्ञाधारक. ती खिडकीत जाऊन भरबाजारात ओरडली, "बाबाऽ, थांबाऽ! वहिनींचं मशीन मेलंयऽ! वर्ष झालंऽ!" शिव्या थांबल्या. धाडकन काहीतरी टेकल्याचा आवाज आला. मग लांबून सायकलवाल्याचा आवाज, "काय म्हणतेस?"

इकडेही कुणीतरी तेच विचारलं.

"काय म्हणतेस, सूनबाई?"

ती वळली. सासरे ताठ बसले होते. चेहरा पंख्याच्या दिशेला, जसा रोज असायचा. तिने फोन खाली ठेवला. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं, ते तसंच चालू राहिलं.

"बाबा, मशीन जळालं होतं. तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात त्या दिवशी."

"मग हा आवाज?"

"पंख्याचा. लॅबमधला."

"आणि टुणटुण?"

"ती… ती त्याचीच आहे. पण मशीन नाही. त्या मशीनचं सोंग."

सासऱ्यांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. पंखा बेशरमासारखा घरघरत होता.

"मग इतके दिवस मी कुणाशी बोलत होतो?"

तिने पुढे होऊन बटणाकडे हात नेला.

"राहू दे," सासरे म्हणाले. "उकडतंय."

आणि तिला हसू फुटलं, आणि ते हसू कुठल्या कुठे गेलं, आणि ती तिथेच जमिनीवर बसून सासऱ्यांच्या खुर्चीच्या पायाला डोकं टेकून खूप रडली. नवरा गेला तेव्हा लोकांची सरबराई करण्यात राहून गेलं होतं, तेही त्यात निघालं. सासरे तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेले. डोळ्यांनी दिसेना, हात आधी तिच्या कानाला लागला. त्यांनी तो तिथेच राहू दिला.

त्यानंतर ते पंख्याशी बोलायचे थांबले, असं वाटेल. थांबले नाहीत. पण आता "अरे" म्हणत नाहीत. "अहो, जरा वारा इकडे येऊ द्या," असं म्हणतात. परक्याशी बोलावं तसं, अदबीने.

सायकलवाला आठवडाभर तिच्याशी एक अक्षर बोलला नाही. तिने तिरक्या आकड्याचा अंदाज लिहून पाठवला, त्यालाही उत्तर आलं नाही. त्याचं बरोबरच होतं. म्हातारीचा एक कोपरा जिन्यात चेपला होता. मग त्याचा फोन आला, आणि आवाजात राग शोधूनही सापडेना.

"वहिनी, सापडला. आकडा तिरका ठेवलाय, एका नव्या शहाण्याने. तुमचा अंदाज बरोबर होता. दुरुस्ती लिहिलीये मी, पण इथे मुलीकडे हलायची गडबड, बसायला वेळ नाही. म्हातारी जोडून ठेवतो, तुम्ही लांबून लॉगिन करा आणि बांधून बघा."

"माझं खातं नाही तुमच्याकडे."

"त्याचं आहे ना. पासवर्ड नवा लावलाय, लिहून घ्या." मग घसा साफ करत म्हणाला, "यादीवाल्यांना मी कळवलं. खरं मशीन एकच. त्यांनी घराणं काढलं यादीतून. नावंही काढली, दोघांची. म्हणाले, चालवायचं तर चालवा, आपल्या जबाबदारीवर."

"माझ्यामुळे झालं."

"तुमच्यामुळे म्हातारी भंगारात गेली नाही, तेवढं धरा. रडू नका, मला नाही चालत रडलेलं. दुपारी जोडतो."

दुपारी ती त्या पुस्तकाएवढ्या कॉम्प्युटरसमोर बसली. नकल्या बंद केला होता. नवऱ्याचं नाव टाइप केलं. लांबच्या शहरात, चेपलेल्या कोपऱ्याच्या त्या खऱ्या मशीनने पासवर्ड विचारला. तिने दिला. प्रत्येक मशीन आत घेताना एक ओळ दाखवतं, तशी याही मशीनने दाखवली: या आधीचं शेवटचं लॉगिन, अमुक वारी, अमुक ठिकाणाहून.

ठिकाण घरचं नव्हतं. इस्पितळाचं होतं.

तिने वार पाहिला. त्या दुपारी तो तिला म्हणाला होता, "जा, घरी जाऊन जरा पड. मी पण झोपतो." ती गेली होती. तिला खरोखर झोप लागली होती, ती झोप तिने स्वतःला कधी माफ केली नव्हती. आणि हा लबाड, सलाइन लावलेल्या हाताने, या म्हातारीत शिरून बसला होता! काय करत होता? फार काही नाही. हजेरीचं काम अर्धवट राहिलं होतं, ते पुरं केलं होतं. शेवटचा बदल त्याच दुपारचा. नीट, सरळ, सगळे आकडे आपापल्या खणात.

"झोपतो म्हणाला होता," ती मोठ्याने म्हणाली.

"कोण?" सासऱ्यांनी खुर्चीतून विचारलं.

"तुमचा मुलगा. थाप मारली त्याने मला."

"लहानपणापासून तसाच आहे," सासरे म्हणाले.

ती ओळ पडद्यावर आता होती तेवढीच. तिने लॉगिन केलं त्याच क्षणी मशीनने नवी नोंद केली होती. पुढच्या वेळी विचारलं, तर ते तिचं घर आणि आजचा वार सांगणार होतं. ही खिडकी उघडी ठेवली, तरच ती ओळ राहणार होती. ती कामाला लागली. दुरुस्ती उतरवली, बांधायला घातली. म्हातारी सावकाश बांधत गेली. ओळ वर वर सरकत गेली, पण तिला ठाऊक होतं, की पडदा मागे नेला, की ती तिथेच आहे. दोनदा मागे नेऊन पाहिली. उन्हं खिडकीतून सरकत टेबलावर आली. सासऱ्यांनी दोनदा चहा मागितला आणि मिळाला नाही.

बांधून झालं तेव्हा फोन वाजला. मागे सामान सरकवल्याचे आवाज, मुलीची हाकाटी.

"वहिनी, झालं ना? आता रीस्टार्ट केल्याशिवाय कळायचं नाही, दगड होते की सुरू होते. करू? तुमची खिडकी बंद पडेल पण. काही सेव्ह करायचंय?"

तिने पडदा मागे नेला. ओळ वाचली. पुन्हा वाचली, ठिकाण, वार.

"वहिनी? आहात ना?"

"काही सेव्ह करायचं नाही," ती म्हणाली. "करा."

पडदा गोठला. मग एका ओळीत संबंध तुटल्याचं उमटलं. फोनवर पलीकडच्या खोलीत म्हातारीचा पंखा थांबल्याचं ऐकू आलं आणि कुणी श्वास घेत नाहीये, अशी शांतता पसरली. सासऱ्यांनी काठी घट्ट धरली होती. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण थिएटरात दिवे मालवल्यावर पडदा उजळेपर्यंत माणसं गप्प बसतात, एवढं कळत होतं.

मग फोनमधून, खूप लांबून, खरी घरघर सुरू झाली.